शागास हृद्‌रोग

दक्षिण व मध्य अमेरिकेतील, मुख्यतः कुडामातीच्या घरांत राहणाऱ्या दरिद्री रयतेत आढळणारा, ट्रिपॅनोसोमा क्रूझी या एकपेशीय परजीवीमुळे जडणारा हृदयाचा चिरकारी विकार. ब्राझीलच्या मीनास जेराइस प्रांतात लोहमार्गाच्या मजुरांतील हिवतापाच्या बंदोबस्तासाठी रवाना झालेले वैद्य कार्लुस शागास यांनी हा परजीवी प्रथम ढेकणाच्याच गणातील एका रक्तशोषक कीटकाच्या आतड्यात पाहिला, आणि १९०९ मध्ये लासांस या गावी तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तोच ओळखला. आधी कीटक, मग जंतू आणि सर्वांत शेवटी रोग, असा हा उफराटा शोध वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

भिंतींच्या भेगांत दिवसा दडून राहणारा हा कीटक रात्री निजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर चावतो व तेथेच विष्ठा टाकतो; खाजवताना तिच्यातील परजीवी दंशाच्या जखमेतून किंवा डोळ्यावाटे शरीरात शिरतात. आरंभीचा ताप व पापणीची सूज दोनेक महिन्यांत ओसरली, की रोग गेला असे सर्वांनाच वाटते, आणि बहुसंख्यांना पुढे जन्मभर काही जाणवतही नाही. परंतु शेकडा २० ते ३० जणांच्या हृदयात १० ते ३० वर्षांनी त्याचे परिणाम प्रकट होतात. स्नायुतंतू नष्ट होऊन त्यांच्या जागी व्रणऊतक साचते, हृदयाच्या विद्युत्‌-आलेखात संवाहक तंतुजुडग्याच्या उजव्या शाखेचा अवरोध दिसू लागतो, डाव्या जवनिकेचे टोक पातळ होऊन फुग्यासारखे बाहेर येते व त्यात रक्त गोठते. त्यातली एखादी गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. कित्येकदा तर शेतात राबणारा, वरकरणी धडधाकट माणूस एकाएकी कोसळतो.

अशा हृदयात सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी क्वचितच दिसत, म्हणून शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटते, हे मत दीर्घकाळ प्रबळ होते. पुढे रेणवीय परीक्षांनी त्याच ऊतकांत परजीवीचे डीएनए दाखवून दिले; शिवाय हृदयरोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू होताच संसर्ग पुन्हा उफाळतो, हा पुरावाही खोडून काढण्याजोगा नाही. तरीही वाद निकाली निघाला असे म्हणवत नाही, कारण लासांसच्या त्या मुलीच्या रक्तातून १९६२ व १९७८ मध्येही परजीवी मिळाले आणि सत्तरी ओलांडूनही तिला हृद्‌रोग जडला नव्हता.

बेंझनिडाझोल हे औषध बालपणी व संसर्गाच्या आरंभी चांगले लागू पडते. मात्र हृदय बिघडलेल्या २,८५४ रोग्यांवरील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने रक्तातील परजीवी घटले, पण हृदयाची अधोगती लक्षणीय प्रमाणात रोखली गेली नाही. तेव्हा उशिराच्या उपचाराची मदार हृदयगतिनियंत्रक यंत्रावर व गुठळ्या टाळणाऱ्या औषधांवरच राहते. प्रतिबंधात खरे यश कीटकनाशकाच्या फवारणीचे: तिच्या जोरावर ब्राझील २००६ मध्ये ट्रायाटोमा इन्फेस्टन्स या प्रमुख वाहकाद्वारे होणाऱ्या प्रसारातून मुक्त ठरला. भारतात ट्रायाटोमा रुब्रोफॅसिआटा हा याच कुळातला कीटक आढळतो, हा रोग मात्र येथे रुजलेला नाही. बाधित मातेकडून गर्भास होणारी लागण फवारणीने थांबत नाही. त्यासाठी बाधित मुलींना गर्भधारणेपूर्वीच औषध द्यावे लागते.