चंद्र आणि दरवाजा एकाच चित्रात

विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात, जेवणाच्या सुट्टीत, सातवीला शिकवणाऱ्या एक बाई कॅलेंडरचे एक पान घेऊन आल्या. पानावर पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा होता, दिव्यांच्या झोतात उजळलेला. दरवाजाच्या बरोबर डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र होता, जवळजवळ कमानीएवढा. चंद्रावरचे डागही स्वच्छ दिसत होते. बाईंनी हे पान वर्गात लावले होते. एका मुलीने विचारले, "बाई, आमच्या गच्चीवरून चंद्र एवढा मोठा कधीच दिसत नाही. मग इथे कसा?" बाई म्हणाल्या, "अगं, फोटो आहे तो. फोटो खोटा कसा असेल?" मुलगी खाली बसली. बाईंना मात्र रुखरुख लागून राहिली. "सर, मी तिला चुकीचे उत्तर दिले का?"

त्यांना तिथल्या तिथे 'हो' म्हणता आले असते. पण हे उत्तर नीट समजून घ्यायचे तर दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. चंद्राचे चित्र घेणे आणि रात्रीच्या शहराचे चित्र घेणे या दोन्ही गोष्टी माणसाला हळूहळू साधत गेल्या, आणि बराच काळ त्या एकमेकींपासून दूरच राहिल्या.

चंद्र थांबत नाही

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ देऊन तो प्रकाशाला संवेदनशील करायचा, कॅमेऱ्यात ठेवायचा आणि नंतर पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचे, अशी ही पद्धत. पॅरिसच्या वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ अरागो यांनी या शोधाचा पुरस्कार केला. या तंत्राने चंद्राचे नकाशे आपोआप तयार होतील, अशी आशा त्यांना होती. दागेरनेही चंद्राकडे कॅमेरा रोखून पाहिला होता. हाती लागला तो केवळ एक अस्पष्ट ठसा.

असे का व्हावे? एक साधे गणित करून पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. आकाशात चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. म्हणजे दर दोन मिनिटांना चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. त्या काळच्या पत्र्यांना चंद्राचा प्रकाश वीस मिनिटे लागत असेल, तर तेवढ्या वेळात चंद्र दहा चंद्रांइतके अंतर चालून जाईल आणि पत्र्यावर चंद्राऐवजी एक पांढरा पट्टा उमटेल.

न्यूयॉर्क विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी ही अडचण हेलिओस्टॅट वापरून सोडवली. हेलिओस्टॅट म्हणजे घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारा आरसा. तो चंद्राबरोबर वळत राहतो आणि प्रकाश एकाच जागी पाडत राहतो. मार्च १८४० मध्ये ड्रेपर यांनी सुमारे वीस मिनिटांच्या एक्स्पोजरने चंद्राचे चित्र मिळवले, आणि त्यात चंद्रावरचे काळे डाग ओळखू येत होते.

घड्याळजी आणि छायाचित्रकार

दहा वर्षांनंतर अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत एक जोडी जमली. वेधशाळेचे संचालक विल्यम क्रँच बाँड हे मूळचे घड्याळजी. जॉन अॅडम्स व्हिपल हा बोस्टन शहरातला व्यावसायिक छायाचित्रकार. त्यांच्या हाताशी १५ इंच व्यासाच्या भिंगाची, त्या काळची जगातील सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एक होती. चंद्राच्या मागे जाण्यासाठी तिला घड्याळयंत्रणा बसवलेली होती. पण ती सुरळीत न फिरता बारीक बारीक झटके देत फिरे, आणि प्रत्येक झटका चित्रात उमटे. घड्याळजीच्याच वेधशाळेत घड्याळयंत्रणेने छळावे, हा एक योगायोगच. तरीही दोघांनी चिकाटी सोडली नाही. त्यांची चंद्राची चित्रे १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली आणि त्यांना पदक मिळाले.

ती चित्रे पाहून वॉरन द ला र्यू हा लंडनचा कागद-छपाईचा व्यावसायिक भारावून गेला. याच सुमारास कलोडियनची ओली काच वापरात आली होती. ती दागेरच्या पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील होती. द ला र्यूच्या १३ इंची आरशाच्या दुर्बिणीला सुरुवातीला घड्याळयंत्रणा नव्हती, त्यामुळे तो ती हाताने चंद्रामागे सरकवत असे. आता वीस मिनिटांची गरज उरली नव्हती. दहा ते तीस सेकंदांत काम होऊ लागले.

पण मला या कथेत सर्वांत आवडतो तो व्हिपलचा पुढचा उद्योग. १८६३ साली त्याने बोस्टन शहराच्या मध्यभागी असलेल्या 'बोस्टन कॉमन' या मैदानाची रात्रीची चित्रे घेतली. उजेडासाठी त्याने विजेचे दिवे वापरले. एडिसनचा दिवा यायला अजून सोळा वर्षे होती, तेव्हा ही वीज बॅटरीवरची. म्हणजे चंद्र आणि रात्रीचे शहर, दोन्ही एकाच माणसाच्या कॅमेऱ्यात आली होती. मात्र एकाच चित्रात नव्हे.

दिवसाचा चंद्र, रात्रीचे शहर

एकाच चित्रात का येत नाहीत? इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चंद्र रात्री दिसतो, पण चंद्रावर ज्या भागाकडे आपण पाहतो तिथे दिवस असतो. सूर्यापासून चंद्र जवळजवळ पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे. त्याच्या जमिनीवर तसेच कडक ऊन पडते. ती जमीन त्यातला सुमारे १२ टक्केच प्रकाश परतवते, म्हणजे ती जुन्या डांबरी रस्त्यासारखी गडद आहे. तेव्हा चंद्राचे चित्र घेणे म्हणजे भर उन्हातल्या डांबरी रस्त्याचे चित्र घेणे. १०० वेगाची फिल्म आणि एफ/११ एवढे छिद्र ठेवले, तर पूर्ण चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

दिव्यांच्या झोतात उजळलेल्या जुन्या वास्तूला तीच फिल्म आणि तेच छिद्र ठेवून सात-आठ सेकंद लागू शकतात. फरक सातशे-आठशे पटींचा झाला. रंगीत पारदर्शिकेच्या फिल्मला मात्र एकाच चित्रात फार तर तीस ते साठ पटींचा फरक पेलतो. वास्तू नीट आली की चंद्राची पांढरी टिकली होते, आणि चंद्र नीट आला की वास्तू काळोखात बुडते. कॉलेजात असताना कोजागिरीच्या रात्री मित्राच्या कॅमेऱ्याने मी एक अख्खा रोल असाच वाया घालवला होता. फिल्म धुऊन आली तेव्हा छत्तीसच्या छत्तीस चित्रांत टिकल्याच होत्या.

दिवे नसतील आणि केवळ चांदण्यावर भिस्त असेल, तर परिस्थिती आणखी बिकट होते. पूर्ण चंद्राचा प्रकाश उन्हाच्या सुमारे चार लाखांश आहे. उन्हात सेकंदाचा शंभरावा भाग पुरत असेल, तर चांदण्यात तेवढ्याच उजेडासाठी चार हजार सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागेल. त्या वेळात चंद्राचा पट्टा होणार हे आलेच.

म्हणूनच जुन्या काळातल्या 'चांदण्यातल्या' चित्रांकडे जरा सावधपणे पाहावे. १८५६ च्या सुमारास फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्रावरील एका जहाजाचे चित्र घेतले. काळसर ढग आणि पाण्यावर चमचमता पट्टा पाहून अनेकांनी ते चांदण्यातले मानले. प्रत्यक्षात ते सूर्याकडे कॅमेरा करून दिवसा घेतलेले होते.

शहरांची रात्र

१८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढल्या दशकात अशा तयार काचा दुकानात मिळू लागल्या. ओली काच सुकण्याआधीच काम उरकण्याची घाई संपली. आता कॅमेरा रस्त्यात मांडून बराच वेळ थांबता येऊ लागले. १८९५-९६ मध्ये पॉल मार्टिन याने लंडनच्या रस्त्यांची गॅसच्या दिव्यांतली चित्रे घेतली. त्यापासून स्फूर्ती घेऊन आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने १८९७-९८ मध्ये न्यूयॉर्कची पावसाळी आणि बर्फाळ रात्र टिपली. १९३० च्या सुमारास ब्रासाय हा मूळचा ट्रान्सिल्व्हेनियाचा छायाचित्रकार रात्र रात्र पॅरिस पालथे घालत होता. एक्स्पोजर तो सिगारेटवर मोजत असे. उजेड बरा असेल तर लवकर संपणारी सिगारेट, काळोख अधिक असेल तर जाड सिगारेट!

या चित्रांत दिवे आहेत, धुके आहे, ओले रस्ते आहेत. चंद्र क्वचितच आहे, आणि तो का नाही हे आता आपल्याला ठाऊक आहे.

दोघांची भेट

चंद्र आणि जमीन एकाच एक्स्पोजरमध्ये आणायची तर एक वेळ सोयीची असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि आदल्या दिवशी त्याहून साधारण पाऊण तास आधी. त्या संधिप्रकाशात आकाश आणि इमारती पुरेशा उजळ असतात आणि चंद्राशी त्यांचा फरक आटोक्यात येतो. दहा-वीस मिनिटांत ही संधी निघून जाते.

अॅन्सेल अॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. काळे आकाश, वर चंद्र, खाली छोटे चर्च आणि दफनभूमीतील पांढरे क्रूस. रस्त्याने जाताना त्यांना हे दृश्य दिसले, पण घाईत प्रकाशमापक सापडेना. पूर्ण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला सुमारे २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होते. त्या एका आकड्यावरून हिशेब करून त्यांनी एक्स्पोजर ठरवले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन गेले.

हे चित्र कोणत्या वर्षीचे, हे पुढे अॅडम्स यांनाही नक्की आठवेना. तेव्हा खगोलशास्त्र मदतीला आले. चित्रातील चंद्राच्या जागेवरून डेव्हिड एल्मोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. १९९१ साली डेनिस दि चिक्को यांनी कॅमेऱ्याची जागा अधिक अचूक धरून हिशेब सुधारला. उत्तर आले १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे. म्हणजे रात्रीचे वाटणारे हे चित्र सूर्यास्तापूर्वीचे आहे. आकाश काळे झाले ते छपाईत. पण चंद्र आपल्या जागी खरा होता, म्हणूनच पन्नास वर्षांनंतरही त्याला मिनिटापर्यंत तपासता आले.

पुन्हा दिल्ली दरवाजा

आता कॅलेंडरचे पान तपासू. पहिला प्रश्न आकाराचा. चंद्राइतकी दिसण्यासाठी कोणतीही वस्तू तिच्या रुंदीच्या सुमारे ११० पट अंतरावर असावी लागते. कमान समजा पाच मीटर रुंद आहे. मग ती चंद्राएवढी दिसायला साडेपाचशे मीटर मागे जावे लागेल. पानावरचे चित्र तर समोरच्या पटांगणातून घेतलेले दिसते.

दुसरा प्रश्न दिशेचा. दिल्ली दरवाजाचे तोंड उत्तरेला आहे. म्हणजे त्याच्यासमोर उभे राहणारा दक्षिणेकडे पाहत असतो. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश. चंद्र आकाशाच्या विषुववृत्तापासून दक्षिणेला जास्तीत जास्त साडेअठ्ठावीस अंश जातो. ९० मधून हे दोन्ही वजा करा. ठीक दक्षिणेला असताना पुण्याचा चंद्र ४३ अंशांच्या खाली येऊच शकत नाही. एवढ्या वरच्या चंद्राला कमानीला टेकवायचे तर दरवाजाच्या अगदी जवळ उभे राहायला हवे, आणि मग चंद्र टिकलीएवढाच दिसेल.

म्हणजे ते चित्र दोन चित्रांचे मिळून बनलेले आहे. यात लबाडी असतेच असे नाही. १८७४ साली नास्मिथ आणि कार्पेंटर यांनी चंद्रावरील आपल्या ग्रंथात प्लॅस्टरच्या प्रतिकृतींची छायाचित्रे छापली, कारण दुर्बिणीतून डोळ्याला दिसणारे बारकावे त्या काळच्या काचांवर येत नव्हते. पण त्या प्रतिकृती आहेत, हे त्यांनी वाचकांना सांगितले. कॅलेंडरवाल्यांनी सांगितले नाही. आजचे काही फोन तर हे न विचारताच करतात. २०२३ साली एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला, तर फोनने मूळ चित्रात नसलेले बारकावे त्यात भरून दिले.

बाईंना मी हे सगळे एका कागदावर मांडून दिले आणि त्या मुलीला वर्गासमोर बोलावून तिचा प्रश्न बरोबर होता हे सांगायला सुचवले. तुमच्या वर्गासाठीही एक उपक्रम देतो. सात मिलिमीटर जाडीची पेन्सिल सुमारे ७७ सेंटिमीटरवर धरली की तिची जाडी चंद्राच्या रुंदीएवढी दिसते. चंद्र उगवताना आणि तो डोक्यावर आल्यावर, दोन्ही वेळा मुलांना पेन्सिलने मोजू द्या. उगवता चंद्र मोठा वाटतो, पण पेन्सिल दोन्ही वेळा तेवढीच पुरते. मग शाळेत लावलेले चंद्राचे एखादे चित्र खाली उतरवा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा: चंद्र किती मोठा आहे, कोणत्या दिशेला आहे, आणि त्या दिवशी त्या वेळी तो तिथे असू शकेल का? पंचांग आणि होकायंत्र एवढ्या साहित्यावर हे काम होते.