मुक्ति आणि माहेर

पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीनें जाणाऱ्या प्रवाशास दौंडच्या अलीकडे केडगांव हें स्टेशन लागतें. पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरकडे, मोटारीनें जाणाऱ्यास कोरेगांव भीमापाशीं वढू बुद्रुक या गांवाचा फांटा भेटतो. पहिलें गांव दौंड तालुक्यांतलें, दुसरें शिरूर तालुक्यांतलें. आणि या दोन तालुक्यांच्या मधून बऱ्याच अंतरापर्यंत भीमा वाहते. केडगांवचें नांव पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें व वढूचें नांव छत्रपति संभाजीमहाराजांच्या समाधीमुळें मराठी माणसास ठाऊक आहे. परंतु या दोन गांवांस जोडणारा आणखी एक इतिहास आहे. दुःखाच्या आघातानें ज्याच्या मनाचा तोल ढळला आहे, आजची रात्र कोठें काढावी हें ज्यास समजत नाहीं, अशा माणसासाठीं कोणतें दार उघडलें, याचा तो इतिहास होय. सुमारें शंभर वर्षांच्या अंतरानें दोन स्त्रियांनीं तो घडविला.

एकोणिसाव्या शतकांत सरकारनें या प्रश्नाकडे पाहिलें तें मुख्यतः बंदोबस्ताच्या दृष्टीनें. सन १८५८ च्या ३६ व्या कायद्यानें पद्धत ठरवून दिली होती. रस्त्यांत भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलिसानें धरावें, मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें, डॉक्टरकडून तपासणी व्हावी, आणि हुकूम झाल्यावर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत करावी. सन १९१२ च्या ल्युनसी ॲक्टानें थोड्याफार फरकानें हीच पद्धत पुढें चालविली. आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं, तो कायदा १९९३ सालापर्यंत अमलांत होता. पुणें जिल्ह्यांतल्या अशा माणसाची वाट येरवड्यास जाई. तेथील इस्पितळ पुढें अडीच हजारांवर खाटांचें झालें.

या व्यवस्थेंत एक मोठी उणीव होती. छळानें पिचलेली सून, केशवपन झालेली बालविधवा, दुष्काळांत सारें घर गमावलेली मुलगी, यांपैकीं कोणीहि कायद्याच्या अर्थानें वेडी नव्हती व धोकादायकहि नव्हती. म्हणून तिच्यासाठीं कायद्यांत जागा नव्हती. तिला ठिकाण एकच, तें म्हणजे माहेर. माहेरचें दार लागलें कीं तिनें वाट फुटेल तिकडे जावें, किंवा जिवाचें बरेंवाईट करून घ्यावें, याखेरीज तिसरा मार्ग तिच्यासाठीं कोणी आंखून ठेवला नव्हता.

हें दुःख रमाबाईंनीं पुस्तकांतून जाणलें नव्हतें. १८५८ सालीं जन्मलेल्या या विदुषीनें ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दुष्काळांत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व वडील बहीण यांस गमावलें. पुढें भाऊ गेला, आणि १८८२ सालीं, लग्नास दोन वर्षें होण्याच्या आंतच, पति बिपिनबिहारी दास मेधावी वारले. तान्ह्या मनोरमेस घेऊन १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, तेव्हां सोबत आनंदीबाई भगत नांवाच्या मैत्रीण होत्या. परमुलुखांत, धर्मांतराच्या भीतीच्या छायेंत, आनंदीबाईंचें मन सांवरेनासें झालें आणि त्यांनीं आत्महत्या केली. सोबतीच्या माणसाचेंहि मन कसें हातचें निसटतें, हें रमाबाईंनीं इतक्या जवळून पाहिलें होतें.

१८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस शारदासदन उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें. तोंपर्यंत तें विधवांचें विद्यालय होतें. त्याचें रूप बदललें तें १८९६-९७ च्या दुष्काळानें. मध्यप्रांतांत मुली अन्नावांचून मरत आहेत, आणि ज्या जगत आहेत त्या वाईट माणसांच्या हातीं पडत आहेत, ही वार्ता कळतांच रमाबाई स्वतः तिकडे गेल्या व सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. परंतु पुण्यांत प्लेग होता. शहरांत इतकीं माणसें एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांची हरकत होती. रमाबाईंनीं केडगांवास शेतजमीन घेऊन ठेवली होती. त्या उजाड माळावर हा सारा समुदाय नेण्यांत आला. झोंपड्या झाल्या, विहिरी खणल्या गेल्या, आणि १८९८ च्या सुमारास 'मुक्ति' उभी राहिली. १९०० च्या सुमारास, दुसऱ्या मोठ्या दुष्काळानंतर, तेथील संख्या दीड हजारांच्या घरांत गेली.

या मुलींची अवस्था केवळ भुकेची नव्हती. आईबाप डोळ्यांदेखत गेलेल्या, कित्येकींवर अत्याचार झालेले, कोणावरहि विश्वास न उरलेला. त्यांस कोणी मनोरुग्ण म्हटलें नाहीं, कारण हा शब्दच तेव्हां रूढ नव्हता. मानसोपचार करणारा वैद्यहि केडगांवास नव्हता. तेथें होतें तें एवढेंच. प्रथम आंत घेणें व खाऊं घालणें. मग शारदासदनांतील जुन्या, शिकलेल्या मुलींच्या हातीं नव्या मुली सोंपविणें. आणि अंगांत थोडें बळ आलें कीं हातास काम देणें. शेत, गोठा, माग, तेलाचा घाणा, शिवण, धुलाई आणि छापखाना, अशी कामें तेथें चालत. कालपर्यंत रस्त्यांत पडलेली मुलगी छापखान्यांत खिळे जुळवूं लागे. आंधळ्या मुलींस ब्रेल लिपि व हस्तव्यवसाय शिकविले जात. ज्यांस समाजानें 'पतित' म्हणून टाकलें होतें त्यांच्यासाठीं कृपासदन निघालें. नियमित दिनक्रम, उपयोगी काम आणि ओळखीचीं माणसें यांनीं विस्कटलेलें मन सांवरतें, हें तत्त्व आज मानसशास्त्र सांगतें. केडगांवीं तें गरजेपोटीं आधींच आचरणांत आलें होतें.

या आश्रयाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, आणि मुलींवर त्या धर्माचा प्रभाव पडतो या कारणानें न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं १८९३ सालींच शारदासदनाच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला होता. केसरीनें कडक टीका केली. केडगांवची संस्था तर उघडपणें ख्रिस्ती होती. १९०५ सालीं तेथें मोठी धार्मिक लाट उसळली. शेंकडों मुली एकाच वेळीं रडूं लागल्या, मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. श्रद्धावंतांनीं यास ईश्वरी कृपा म्हटलें, इतरांनीं उन्माद म्हटलें. निवाडा कोणताहि असो, दाबून ठेवलेलें पुष्कळसें दुःख त्या आक्रोशाला वाट करून बाहेर पडलें असावें, असें मानण्यास जागा आहे. टीकाकारांचा आक्षेप पोकळ नव्हता. परंतु त्या मुलींसाठीं दुसरें तितकें मोठें दार त्या वेळीं कोणीं उघडलें होतें, या प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. १९२२ च्या एप्रिलमध्यें रमाबाई केडगांवींच निवर्तल्या. संस्था आजहि चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारची दृष्टि हळूहळू पालटली. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आंखला गेला. कर्नाटकांतील बेळ्ळारी जिल्ह्यांतील प्रयोगानंतर १९९६ पासून जिल्हावार योजना सुरू झाली. मोठ्या इस्पितळांतून उपचार गांवाच्या दवाखान्याकडे आणावा, हा तिचा हेतु. भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें, शरीराच्या आरोग्यापुरता हा विचार त्यापूर्वींच रुजला होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टर बानू कोयाजी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तेथें ग्रामीण आरोग्याचें काम उभारलें आणि गांवांतल्याच माणसांस आरोग्यसेवेचें शिक्षण दिलें. दुखणें प्रथम शेजाऱ्यास कळतें, डॉक्टरास मागाहून, हें त्यामागचें सूत्र.

त्याच वढू गांवांत १९९७ च्या २ फेब्रुवारीस 'माहेर' ही संस्था उघडली. तिच्या संस्थापक सिस्टर ल्यूसी कुरियन मूळच्या केरळच्या. १९९१ सालीं पुण्यांतील मठांत असतांना एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आली. नवऱ्यापासून जिवास धोका आहे, आजची रात्र आसरा द्या, अशी तिची विनवणी होती. आसरा देणें त्यांच्या अधिकारांत नव्हतें. उद्यां पाहूं, असें त्यांनीं सांगितलें. त्याच रात्रीं नवऱ्यानें तिला पेटवून दिलें, व ती वांचली नाहीं. त्या एका रात्रीच्या दारापायीं पुढें सहा वर्षांनीं माहेर उभें राहिलें.

नांवाची निवड मार्मिक आहे. माहेरीं येणाऱ्या लेकीस कोणी अर्ज लिहावयास सांगत नाहीं. छळलेल्या स्त्रिया, त्यांचीं मुलें, आणि रस्त्यावर भटकणाऱ्या, मनाचा ठाव सुटलेल्या निराधार स्त्रिया यांस तेथें आसरा मिळूं लागला. या शेवटच्या स्त्रियांसाठीं 'वात्सल्यधाम' हा स्वतंत्र विभाग निघाला. संस्था सर्वधर्मीय आहे. दिवाळी, ईद व नाताळ एकाच अंगणांत होतात. धर्माविषयीं शंभर वर्षांपूर्वीं केडगांवीं जो वाद माजला, त्याचें हें एक प्रकारें उत्तरच म्हणावयास हरकत नाहीं.

कायदाहि अखेरीस बदलला. २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो कीं, भटकणाऱ्या मनोरुग्णास पोलिसानें संरक्षण द्यावें, २४ तासांच्या आंत सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें, कोठडींत कदापि ठेवूं नये. तांतडीच्या प्रसंगीं कोणताहि नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करूं शकतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य अपराधी न समजतां तीव्र मनस्तापानें ग्रासलेला समजावा, हेंहि त्याच कायद्यानें मान्य केलें. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' या योजनेखालीं १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

फोनवरचा शब्द मोलाचा आहे. परंतु ज्या स्त्रीस आज घरीं परततां येत नाहीं, तिला शब्दानंतर छप्पर लागतें. त्यासाठीं निवाऱ्याचीं घरें असावीं असें नवा कायदा सांगतो. तीं पुरेशीं उभारणें हें काम अद्याप पुढेंच आहे. केडगांवीं व वढूस जें झालें तें कायद्याची वाट न पाहतां झालें, म्हणून कायद्यास आज तेथून शिकण्यासारखें आहे. दोन्ही ठिकाणीं क्रम एकच होता: आधीं आंत घ्यावें, जेवूं घालावें, आणि मग काय झालें तें विचारावें. ज्या शहरांतून व गांवांतून हा क्रम पाळला जाईल, तेथें 'उद्यां पाहूं' या दोन शब्दांपायीं कोणाचा जीव जाणार नाहीं.