सेवेचे कृपादान

यवतमाळात थोडे दिवस राहिलेल्या माणसास ख्रिस्ती मिशनची काही ना काही खूण आढळतेच. धर्मोपदेशक तयार करणारी 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' येथेच १९५३ साली सुरू झाली आणि तीस वर्षे येथे नांदून १९८३ साली पुण्यास गेली. जिल्ह्यातील उमरीचे मिशन इस्पितळ आसपासच्या खेड्यांतून सर्वांच्या तोंडी असलेले आहे. ह्या मंडळींविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक पक्ष त्यांस देवमाणसे म्हणतो. दुसरा म्हणतो, की अन्नाचा घास पुढे करून धर्म बुडविणारे हे लोक. दोन्ही मते उच्चारली की संभाषण संपते, आणि विचार तेथेच खुंटतो. आम्हांस येथे निराळाच प्रश्न पुसावयाचा आहे. सेवा करण्याची हातोटी ही ख्रिस्ती धर्मात ईश्वरी देणगी मानिली आहे. ती ज्यास लाभली, त्याचे बळ कशात असते आणि त्याचा पाय घसरतो तो कोठे?

पौलाने रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात कृपादानांची गणना आहे, आणि तीत उपदेश, शिक्षण, औदार्य ह्यांच्या पंक्तीस सेवाही बसविली आहे. मूळ ग्रीक शब्दाचा घरगुती अर्थ पाहू गेल्यास पंगतीत वाढणे असा निघतो. ज्या समाजात वाढपी हा बहुधा गुलाम असे, त्यात वाढप्याचे काम ईश्वराचे देणे म्हणून गौरविले जावे, ही लहानसहान क्रांती नव्हे. परंतु मौज अशी, की ह्या सेवेचा इतिहास एका तक्रारीने सुरू होतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत कुरबूर उठलेली दिसते: रोजच्या वाटपात ग्रीकभाषी विधवांची आबाळ होते. तेव्हा ह्या कामासाठी सात माणसे निवडण्यात आली, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. जे तक्रार करीत होते, त्यांच्याकडेच वाढण्याची पळी गेली असावी, असा तर्क त्यावरून करता येतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागेल.

ह्या सेवेचे सामर्थ्य शत्रूंसही कबूल करावे लागले. चौथ्या शतकात रोमच्या गादीवर आलेला जूलियन बादशहा जुन्या देवतांचा अभिमानी व ख्रिस्ती धर्माचा वैरी. आपल्या एका मुख्य पुजाऱ्यास लिहिलेल्या पत्रात त्याने खंत केली आहे, की हे गालीली लोक आपल्या दरिद्र्यांस पोसतातच, पण आमच्याही दरिद्र्यांस पोसतात आणि आम्ही मात्र हात बांधून बसतो. सेवाभावी माणसाचे बळ ह्यातच आहे. तो वाद घालीत बसत नाही. त्यास गरज दिसते आणि हात आपोआप पुढे होतो.

आता वऱ्हाडाकडे वळू. ज्यास आज यवतमाळ जिल्हा म्हणतात, त्याचे नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असे होते. मुलूख कापसाचा, पैसा कापसाने यावयाचा आणि पोट ज्वारीने भरावयाचे, तेव्हा पाऊस चुकला की दोन्ही हातची जात. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ कोसळला. यवतमाळास तेव्हा रेल्वे नव्हती; धान्य यावयाचे ते धामणगाव स्टेशनावरून बैलगाडीने, आणि बैल तर चाऱ्यावाचून मरत होते. ह्याच भागात अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य काम करीत होते. १८८१ साली ते हिंदुस्थानात आले ते केवळ श्रद्धेच्या भरवशावर. पुढे त्यांचे काम फ्री मेथडिस्ट मिशनचे म्हणून रुजले आणि यवतमाळ हे त्याचे ठाणे झाले. दुष्काळात टाकलेल्या व आईबाप मेलेल्या मुलांसाठी ह्या मिशनने अनाथालय चालविले. ती पोरे उचलून आणणे, त्यांस पेज पाजणे, त्यांच्या हगवणीची घाण काढणे हे काम ज्यांनी केले, त्यांच्या हेतूवर चौथ्या पिढीतील आम्ही पानसुपारी खात शंका घ्यावी हे शोभत नाही.

आणि तरीही आक्षेपाचा एक भाग उरतोच. सहा वर्षांच्या पोरास अन्न मिळाले, त्याबरोबर नवे नाव मिळाले, नवी प्रार्थना मिळाली. त्यांपैकी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे सांगण्याची त्यास सोय कोठे होती? 'पोटासाठी बाटले' असा हेटाळणीचा शब्द अशांविषयी बोलला जाई. तो बोलणारांनी स्वतः त्या पोरास घास दिला नव्हता, हे खरेच. म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. सेवा घेणारास 'नको' म्हणता येते की नाही, ह्यावर सेवेची परीक्षा आहे असे आम्हांस वाटते. लहान मुले बोलत नाहीत. पण सेवा घेणारी एक प्रौढ, पंडिता आणि तेजस्वी स्त्री ह्याच धर्मात बोलली, आणि तिचे बोलणे लेखी उरले आहे.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात गेल्या. पती निवर्तलेले, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, जवळ पैसा नाही. त्या भगिनींनी त्यांस घर दिले, इंग्रजी शिकविले, मुलीस मायेने वाढविले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डीन ह्यांस रमाबाई 'आजीबाई' म्हणत. आजीबाईंचे प्रेम खरे होते, ह्याविषयी आम्हांस तिळमात्र संशय नाही. खटका उडाला तो नेमका ह्या प्रेमामुळे. रमाबाई मांसाहार करीत ना. आजीबाईंस त्यात जातीचा अहंकार दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आमच्या देशच्या लोकांस समजेल अशी का नसावीत, असे रमाबाई विचारीत. त्यातही हट्ट दिसे. त्रैक्याचे मत बुद्धीस पटल्यावाचून त्या स्वीकारीनात. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण पुरुषांस त्यांनी शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, की बाईमाणसाने पुरुषांस शिकविणे तिच्या देशात तिच्या लौकिकास बाधेल. ज्या स्त्रीने कलकत्त्याच्या पंडितांच्या सभा गाजविल्या, तिच्या देशाची रीत तिलाच शिकविण्याचा हा प्रकार!

रमाबाईंनी उत्तरे लिहिली ती मृदू आहेत, परंतु एका जागी ढळत नाहीत. आपण ख्रिस्ताच्या झालो आहोत, कोणा बिशपाच्या अथवा मठाच्या नव्हे. उपकारांची जाणीव आहे, पण सदसद्विवेकबुद्धी उपकाराच्या बदली दिलेली नाही, असा त्यांचा एकूण आशय. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने निघाला, आणि सेवेच्या दोषांचे ह्याहून बोलके प्रकरण आमच्या पाहण्यात नाही. जेराल्डीनबाई दुष्ट असत्या तर प्रकरण सोपे होते. त्यांनी रात्री जागून जे दिले, त्याबरोबर देणाराचा हक्कही न कळत निर्माण झाला. आणि हक्क सांगताना त्यांस वाटे, की आपण अजून सेवाच करीत आहो. लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आम्हांस येथे आठवते. तीही मनापासून राबत होती. बिघडले ते, बहीण मरिया आपल्या मनाप्रमाणे बसली हे तिला सोसले नाही तेव्हा.

मग दैवाने रमाबाईंनाच देणाराच्या जागी बसविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस 'शारदासदन' निघाले व दुसऱ्या वर्षी पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत मुलींवर सक्ती नाही, असा करार होता, आणि रानडे व भांडारकर ह्यांसारखे पुरुष सल्लागार मंडळात होते. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि मुली आपल्या पायांनी येऊन बसू लागल्या. १८९३ साली गवगवा झाला, 'केसरी'ने तोफ डागली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. आम्हांस दोन्ही पक्षांची अडचण कळते. रमाबाईंनी दार उघडे ठेविले ते प्रामाणिकपणे. पण ज्या मुलीस जगात दुसरे घर नाही, तिच्या दृष्टीने अन्नदात्रीच्या खोलीचे उघडे दार हे नुसते उघडे दार नसते. वाँटेजला स्वतः सोसलेली गोष्ट त्यांस पुण्यात दिसली नाही, ही मानवी स्वभावाची गंमत म्हणावी की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण दुसरी बाजू सांगितल्यावाचून अन्याय होईल. शारदासदनात पहिली आलेली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. ती तेथे शिकली, हिंदूच राहिली, आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. तीच आनंदीबाई कर्वे. पुढे १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. शारदासदनातून 'नको' म्हणून बाहेर पडता येत होते, ह्याचा ह्याहून भक्कम दाखला नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात स्वतः फिरल्या. त्यांचे आईबाप पूर्वीच्या एका दुष्काळात अन्नान्न करीत गेले होते, त्यामुळे तेथील मुलींच्या डोळ्यांत त्यांस आपलेच बालपण दिसले असल्यास नवल नाही. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणिल्या आणि केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. येथे रमाबाईंनी जे केले, ते यरुशलेमच्या त्या सात वाढप्यांची आठवण देते. घेणारीच्या हाती पळी दिली. मुली विणकाम, शेती, स्वयंपाक, रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्या ह्याच छापखान्यातून १९२४ साली पुरे छापून निघाले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीच वारल्या होत्या. मनोरमाबाई तर आईच्या आधी, १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी गेल्या. आईच्या कामात त्यांनी आपली प्रकृती झिजविली होती. सेवाभावी माणसाच्या घरच्यांचा जमाखर्च सहसा कोणी मांडीत नाही.

तो एकीने मांडिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या हाती पैसा टिकत नसे, दारी आलेला विन्मुख जात नसे, आणि घरी काय आहे ह्याची त्यांस वार्ता नसे. १८९५ साली पत्नीस न सांगता ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी मुलास घेऊन विरहाची वर्षे काढिली, आणि मग १९०० साली स्वतःच्या विचाराने त्याही त्या धर्मात गेल्या. मिशनच्या पगारी सेवेत देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग पडतात, हे टिळकांस बोचत होते. १९१७ साली तो पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडिला. गोष्ट थोर खरी, परंतु पगार नसलेल्या घरात चूल पेटवावयाची कोणी? १९१९ साली टिळक वारले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि महाराष्ट्रास त्या चुलीची हकीकत कळली. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या दातृत्वाची थट्टा करितात, चिडतात, भांडतात, आणि त्याने घरी आणिलेल्या माणसासाठी पुन्हा भाकरी थापावयास बसतात. टिळकांच्या अंगी कोणते कृपादान होते, हे आम्हांस त्या भांडणांतूनच सर्वांत चांगले समजले.