आजोबांची कापलेली नस

माझ्या आजोबांच्या पोटावर, बेंबीच्या वर, एक उभा वण होता. अल्सरचं ऑपरेशन, सत्तरच्या दशकातलं. "माझी नस कापलीय," असं ते सांगायचे आणि आम्हा पोरांना ती थाप वाटायची. पुढे त्यांची जुनी फाईल हाती लागली, तर आत शब्द होता 'व्हेगॉटॉमी'. म्हणजे व्हेगस कापणं. थाप नव्हती ती.

व्हेगस मेंदूच्या तळातून निघतो आणि मान, हृदय, फुप्फुसं करत पोटात उतरतो. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका. १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोएवींनी बेडकांची दोन धडधडती हृदयं घेतली. एकाचा व्हेगस विजेने चेतवला, ते मंदावलं. त्यातला द्राव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! नस रसायन सोडत होती. हा प्रयोग लोएवींना झोपेत सुचला होता. पहिल्या रात्री खरडलेलं सकाळी त्यांचं त्यांनाच वाचता येईना, म्हणून पुढच्या रात्री उठून ते थेट प्रयोगशाळेत गेले. त्या रसायनाचं नाव असिटिलकोलिन. १९३६ला नोबेल मिळालं. १९३८ला नाझींनी या ज्यू माणसाला तुरुंगात टाकलं आणि बक्षिसाचे पैसे काढून घेऊन मगच देश सोडू दिला.

सर्जन मंडळींना मात्र ही नस नळासारखी वाटली. ती जठराला आम्ल सोडायला सांगते ना, मग कापा! १९४३ला शिकागोत लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी हे सुरू केलं आणि ते जगभर गेलं, आमच्या आजोबांपर्यंत. पुढे गोळ्या आल्या, अल्सरमागचा जीवाणू सापडला, ऑपरेशन मागे पडलं.

मग न्यूयॉर्कचे केविन ट्रेसी. २०००मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की उंदरांचा व्हेगस चेतवला तर शरीरभर भडकणारा दाह शमतो. दाह पेटवणाऱ्या पेशींना गप्प करणारं रसायन कोणतं? तेच, लोएवींचं असिटिलकोलिन.

आता कॅन्सर. दाह गाठीच्या पसरण्याला हातभार लावतो, त्यामुळे व्हेगस कॅन्सर रोखत असेल असं वाटणं साहजिक. २००८च्या एका अभ्यासात व्हेगस कापलेल्या उंदरांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त पसरला. २०१८ला स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही तसंच, नस कापल्यावर गाठी वाढल्या. पण २०१४ला जठराच्या कॅन्सरमध्ये नेमकं उलटं: नस कापली आणि गाठी कमी झाल्या! गंमत म्हणजे या शेवटच्या दोन्ही कामांत कोलंबिया विद्यापीठाचे टिमोथी वांग होते. जठरात असिटिलकोलिन अस्तराच्या पेशींना वाढायला लावतं, स्वादुपिंडात ते गाठीला आवरतं. एकच नस, एकच रसायन.

हे सगळे प्रयोग उंदरांवरचे. म्हणून मानेला बर्फ लावून कॅन्सर थांबवायचे व्हिडिओ कुणी पाठवले, तर मला राग येतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी त्या नादात केमोची एक तारीख चुकवली होती.

आजोबा ऑपरेशननंतर तीस वर्षं झणझणीत मटण खात राहिले. डॉक्टरांनी नको म्हटलेलं.