आवाजाचीं सूत्रें आणि माणसाचा हात

ध्वनिमुद्रणाच्या आधुनिक स्टुडिओंत पाऊल टाकणाऱ्या माणसाची दृष्टि प्रथम खिळते ती तेथील मेजावर. त्या मेजावर आठ, सोळा किंवा चोवीस सरकत्या कळा ओळीनें मांडलेल्या असतात. स्टुडिओच्या भाषेंत ह्या कळेला फेडर म्हणतात. ध्वनिमुद्रक त्यांवर बोटें ठेवून त्या हलकेच पुढेंमागें सरकवितो आणि त्याबरोबर गायकाचा आवाज उठावतो, तबल्याचा ठेका मागें सरतो, सारंगी हळूच वर येते. पाहणाराची सहजच अशी समजूत होते कीं, हे सारे ध्वनि त्या मेजांतून वाहत आहेत आणि फेडर ही त्या प्रवाहाची तोटी आहे. पन्नास वर्षांपूर्वीं ही समजूत अक्षरशः खरी होती. परंतु जेथें सारें मुद्रण आणि मिश्रण संगणकावरच होतें, अशा स्टुडिओंत ती खरी नसते. तेथील मेज हा केवळ नियंत्रण-फलक असतो. त्यालाच कंट्रोल सरफेस असें नांव आहे. त्यांतून ध्वनीचा एक थेंबही वाहत नाहीं. फलकाची तार काढून ठेवली तरी गाणें जसेंच्या तसें चालू राहतें.

मग ज्या वस्तूंतून आवाज जातच नाहीं, तिच्यासाठीं मोठी रक्कम कां मोजावी, असा प्रश्न कोणाही विचारी गृहस्थास पडेल. प्रश्न साधा दिसतो. तथापि त्याचें उत्तर ध्वनिमुद्रणाच्या सुमारें दीडशें वर्षांच्या इतिहासांत शोधावें लागतें. हा इतिहास म्हणजे आवाजाच्या यंत्रांचा इतिहास खराच. पण त्याहूनही तो माणसाच्या हाताचा इतिहास आहे.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला. तेव्हांपासून सुमारें अर्धशतकपर्यंत ध्वनिमुद्रणांत विजेचा संबंध नव्हता. आवाज एका कर्ण्यांत शिरे, त्याच्या जोरानें पातळ पडदा थरथरे, आणि त्याला जोडलेली सुई खालच्या पृष्ठभागावर रेघ कोरी. अशा व्यवस्थेंत आवाज लहानमोठा करण्याचा उपाय एकच होता. तो म्हणजे माणसाला हलविणें. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा तज्ज्ञ फ्रेड गायसबर्ग ह्यानें कलकत्त्यास गोहरजान हिचें गाणें तबकड्यांवर उतरविलें, तें ह्याच पद्धतीनें. त्या काळच्या मुद्रणांत मोठ्या आवाजाचीं वाद्यें दूर बसवीत, नाजूक आवाजाचीं जवळ आणीत. तार स्वर लागतांच गाणारानें मागें सरावें आणि हळुवार जागेला कर्ण्याकडे झुकावें, असा दंडक होता. समतोल साधणारा हात तेव्हांही होता. परंतु तो कळेवर नव्हता, गाणाराच्या खांद्यावर होता.

१९२५ सालीं ही स्थिति पालटली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें सिद्ध केलेली विजेच्या मुद्रणाची पद्धति व्हिक्टर आणि कोलंबिया ह्या अमेरिकन कंपन्यांनीं स्वीकारली. मायक्रोफोन आवाजाचा विद्युत्प्रवाह करूं लागला, निर्वात नळ्या तो प्रवाह वाढवूं लागल्या, आणि मध्यें रोध घालून तो कमी करतां येऊं लागला. गाणाराला हलविण्याचें कारण उरलें नाहीं. आतां त्याच्या आवाजाचा प्रवाह हलविला म्हणजे पुरे. एकाहून अधिक मायक्रोफोन आले आणि प्रत्येकासाठीं एक गोल फिरती कळ आली. तिच्या पोटांत लहानमोठे रोध वर्तुळांत मांडलेले असत, आणि कळ फिरविली म्हणजे आंतील पट्टी एका टोकावरून दुसऱ्या टोकावर सरके. येथूनच ध्वनिमिश्रणाच्या मेजाचा जन्म झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या मेजाचें महत्त्व बोलपटानें शतपट वाढविलें. आपल्याकडे मार्च १९३१ मध्यें 'आलम आरा' पडद्यावर आला. १९३२ मध्यें प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठी बोलूं लागला. आणि १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें 'धूपछांव' ह्या चित्रपटांत पार्श्वगायनाचा प्रघात पाडला. पुढें संभाषण एका फितीवर, गाणें दुसऱ्या फितीवर, दारांचे व पावलांचे आवाज तिसऱ्या फितीवर, अशी विभागणी झाली. हे सारे प्रवाह एकत्र आणून त्यांचें योग्य मिश्रण करणें ही एक स्वतंत्र कलाच बनली. मुंबईंत परळच्या राजकमल कलामंदिरांत मंगेश देसाई ह्यांनीं ह्या कलेंत जें नांव मिळविलें, तें चित्रपटव्यवसायांत आजही आदरानें घेतलें जातें. १९७५ सालच्या 'शोले'चें ध्वनिमिश्रणही त्यांच्याच हातचें. एक हजार फुटांचें रीळ पडद्यावर सुमारें अकरा मिनिटें चालतें. जुन्या यंत्रांत मधूनच थांबून चूक सुधारण्याची सोय नव्हती. दहाव्या मिनिटाला बोट चुकलें तर रीळ पुन्हां पहिल्यापासून. अशा वेळीं मिश्रण करणाराला संवाद, संगीत आणि चित्र हीं तिन्हीं तोंडपाठ असावीं लागत. कीर्तनकाराला आख्यान पाठ असतें, तद्वत् त्याच्या बोटांना सबंध रीळ पाठ असे.

गोल कळेची मोठी अडचण ही कीं, ती फिरविण्यास मनगट लागतें. म्हणून एका माणसाला एका वेळीं दोनच कळा नीट सांभाळतां येतात. दांड्यांच्या कळा युरोपांत प्रचारांत होत्याच. अमेरिकेंत ह्या बाबतींत टॉम डाउड ह्याचें नांव विशेष घेतलें जातें. न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीचा हा ध्वनिमुद्रक. लेस पॉल ह्या वादकानें १९५७ सालीं अँपेक्स कंपनीकडून एकाच फितीवर आठ निरनिराळे माग मुद्रित करणारें यंत्र घेतलें. त्याच्या पाठोपाठ तसलें यंत्र अटलांटिककडे आलें. आठ माग म्हणजे आठ कळा. त्या दोन हातांनीं कशा फिरवाव्या? डाउडनें आपल्या मेजावर गोल कळांच्या जागीं सरळ सरकणारे फेडर जवळ जवळ बसविले. आतां मनगटाचें काम बोटांकडे आलें. पेटीवादक ज्याप्रमाणें एकदम अनेक पट्ट्या दाबतो, त्याप्रमाणें ध्वनिमुद्रक एकदम अनेक आवाज हलवूं लागला. मेज हें केवळ यंत्र न राहतां एक वाद्य झालें.

तथापि मागांची संख्या तेथेंच थांबली नाहीं. आठांचे सोळा, सोळांचे चोवीस झाले. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओंत १९६८ मध्यें ट्रान्झिस्टरवर चालणारें जें मेज बसविलें, त्याला चोवीस मायक्रोफोनांची सोय होती. माणसाचीं बोटें मात्र दहाच राहिलीं. मग एकाच मेजावर तिघां-चौघांनीं खांद्याला खांदा लावून बसावें आणि प्रत्येकानें आपापले फेडर ठरल्या क्षणीं सरकवावे, असा प्रकार सुरू झाला. एकाची चूक झाली कीं सर्वांचे श्रम वायां जात. ह्यावर उपाय निघाला तो रूपर्ट नीव्ह ह्यानें स्थापिलेल्या इंग्लंडांतील कंपनींत. १९७७ च्या सुमारास तिनें नेकॅम नांवाची व्यवस्था बाजारांत आणली आणि जॉर्ज मार्टिन ह्यांच्या लंडनमधील एअर स्टुडिओंत ती प्रथम बसली. तींत प्रत्येक फेडरला एक लहानशी मोटर जोडलेली होती. ध्वनिमुद्रकानें फेडर एकदां सरकविला कीं संगणक ती हालचाल ध्यानांत ठेवी आणि पुढच्या वेळीं फेडर आपोआप तसाच सरके. कोठें फरक हवा असल्यास तेवढ्याच जागीं बोट लावावें. पूर्वीं यंत्र आवाज लक्षांत ठेवीत असे. आतां तें हाताची हालचालही लक्षांत ठेवूं लागलें. ह्या शोधाचें महत्त्व जितकें वर्णावें तितकें थोडेंच.

ह्यानंतर जें घडलें तें मोठें विलक्षण. १९९१ सालीं अमेरिकेंतील डिजिडिझाइन कंपनीचा प्रो टूल्स हा संगणकी कार्यक्रम निघाला आणि हळूहळू फीत व मेज हीं दोन्हीं संगणकाच्या पोटांत गडप झालीं. फेडरचें चित्र पडद्यावर उमटलें आणि तें हलविण्यास माउस हें एकच साधन राहिलें. दहा बोटांच्या जागीं एक बाण आला! सोयी वाढल्या, खर्च उतरला, घरच्या खोलींतही मुद्रण होऊं लागलें. हे लाभ कमी नव्हेत. परंतु बाणाला एका वेळीं एकच फेडर धरतां येतो. गायकाचा आवाज वर नेत असतांना त्याच क्षणीं वाद्यवृंद खालीं आणणें त्याला साधत नाहीं. दुसरी हानि ह्याहून सूक्ष्म आहे. पडद्यावर आवाजाची आकृति दिसूं लागली कीं डोळा पुढें होतो आणि कान मागें राहतो. मिश्रण ऐकून करावयाचें तें पाहून केलें जातें.

ही उणीव अनुभवी ध्वनिमुद्रकांस लौकरच जाणवली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मॅकी कंपनीचा एच. यू. आय. आणि डिजिडिझाइनचा प्रो कंट्रोल हे फलक आले. त्यांनीं आवाज संगणकांतच ठेवला आणि केवळ हाताची जागा परत आणली. फलकावरचा फेडर सरकला कीं त्याची जागा आंकड्यांच्या रूपानें संगणकाला कळते. पडद्यावरचा फेडर सरकला कीं उलट आंकडा येतो आणि मोटर फलकावरचा फेडर सरकविते. बहुतेक फलकांची ही बोलण्याची भाषा मिडीवर आधारलेली आहे. मिडी ही १९८३ सालीं वाद्यांसाठीं प्रचारांत आलेली संकेतपद्धति. तिच्या साध्या संदेशांत ० पासून १२७ पर्यंतच आंकडे मावतात. शंभर मिलिमीटर लांबीच्या फेडरचे असे १२८ भाग पाडले तर एकेक पायरी पाऊण मिलिमीटरहून मोठी होते आणि नाजूक जागीं आवाज पायऱ्यांनीं चढल्याचा भास होतो. म्हणून मॅकी कंट्रोल ह्या नंतरच्या पद्धतींत फेडरसाठीं स्वर वांकविण्याचा संदेश योजिला. त्यांत १६,३८४ पायऱ्यांना जागा आहे.

आतां ज्याला असा फलक घ्यावयाचा असेल, त्याला ह्या इतिहासापासून कोणता बोध मिळतो? पहिला बोध हा कीं, फलकानें आवाज सुधारत नाहीं. ज्याच्या खोलींत प्रतिध्वनि घुमतो आणि ज्याचे ध्वनिक्षेपक सदोष आहेत, त्यानें आपला पैसा आधीं तिकडे लावावा. जो एकट्या माणसाचें भाषण मुद्रित करतो, त्याला माउस पुरेसा आहे. अनेक आवाज एकाच वेळीं हलविण्याची ज्याला नित्य गरज पडते, त्यालाच फलकाचा खरा उपयोग.

दुसरा बोध असा कीं, फेडर मोटरचा आणि बोटाचा स्पर्श ओळखणारा असावा. मोटर नसेल तर पडद्यावरची जागा आणि फलकावरची जागा ह्यांचा मेळ राहत नाहीं. स्पर्श ओळखतां येत नसेल तर बोट आणि मोटर ह्यांची झटापट होते. शंभर मिलिमीटरचा फेडर आंखूड फेडरपेक्षां सूक्ष्म कामास बरा. फेडर आठच असले तरी बिघडत नाहीं. बटन दाबतांच तेच आठ फेडर पुढच्या आठ मागांचे होतात. मात्र त्या क्षणीं कोणता फेडर कोणत्या मागाचा, हें दाखविणारी नांवांची पट्टी फलकावर स्पष्ट असावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे फलकाची भाषा आणि आपल्या कार्यक्रमाची भाषा एक आहे कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें. संगणक बदलतो, कार्यक्रम बदलतात; निर्मात्यानें लक्ष काढून घेतलें कीं धडधाकट फलकही मुका होतो.

मांडणी करतांना फलक दोन ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मध्यें, हात सहज टेकतील अशा उंचीवर ठेवावा. तो फार उंच ठेवल्यास ध्वनिक्षेपकांचा आवाज त्याच्या पृष्ठावर आपटून कानाशीं येतो आणि ऐकण्यांत भेसळ होते. संगणकाचा पडदा शक्य तों बाजूला असावा. जोडणी करतांना कार्यक्रमांत येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही मार्ग नेमून द्यावे. एकच नेमला तर हातानें पडद्यावरचा फेडर हलतो, पण फलकावरची मोटर स्वस्थ राहते. नवशिक्यांना ती बिघडली असें वाटतें, वस्तुतः तिला निरोपच पोंचलेला नसतो. एच. यू. आय.च्या पद्धतींत तर कार्यक्रम ठराविक अवधीनें फलकाला हाक मारीत असतो. 'ओ' आली नाहीं कीं संबंध तुटल्याची सूचना मिळते. काम संपल्यावर फलकावर कापड घालावें, कारण फेडरच्या फटींतून जाणारी धूळ हा त्याचा मोठा शत्रु आहे.

आणि हें सर्व झाल्यावर एक नेम ठेवावा : गाणें सुरू होतांच पडदा झांकून, बोटें फेडरवर ठेवून, तें एकदां अथपासून इतिपर्यंत केवळ ऐकावें. जो हें करीत नाहीं, त्याचा फलक म्हणजे मेजावरील महाग शोभा होय. जो करतो, त्याच्या मोजलेल्या पैशांचें चीज झालें. कारण त्यानें विकत घेतलें तें यंत्र नव्हे, तर कान आणि हात ह्यांच्यामधील तुटलेला संबंध.