गेमप्ले व्हिडिओ अपलोड केल्यावर धूसर का होतो? कारणं आणि उपाय

फोनमध्ये रेकॉर्डिंग बघितलं तर काचेसारखं स्वच्छ दिसतं. तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की गवताचा हिरवा लगदा होतो, गाडी वळली की रस्ता ठोकळ्याठोकळ्यांत तुटतो आणि अंधाराच्या जागी राखाडी पट्टे दिसतात. बरेच जण याचा दोष फोनला देतात आणि नवा फोन घ्यायच्या मागे लागतात. बहुतेक वेळा फोनचा काही दोष नसतो.

आधी हे का होतं ते समजून घेऊ. ते एकदा कळलं की सेटिंग पाठ करावी लागत नाहीत.

ताम्हिणीचा पाऊस आणि गेममधलं गवत

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात काढलेले व्हिडिओ आठवा. समोर धबधबा, वाऱ्यावर हलणारी झाडी, काचेवर सरी. अपलोड केल्यावर सगळ्यात वाईट अवस्था अशाच व्हिडिओंची होते. घरात बसून बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मात्र त्याच फोनवरून काढला तरी छान दिसतो.

१०८०पी आणि ६० फ्रेमचा व्हिडिओ जसाच्या तसा साठवायचा म्हटलं तर दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट्स लागतील. अपलोडसाठी यूट्यूब साधारण १२ एमबीपीएस, म्हणजे १.२ कोटी बिट्स सुचवतं. म्हणजे माल अडीचशे पट दाबायचा. हे काम कोडेक करतो. त्याची युक्ती साधी आहे: मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते पुन्हा लिहायचं नाही, फक्त काय बदललं आणि कुठे सरकलं तेवढं लिहायचं. बोलणाऱ्या माणसामागची भिंत तीच राहते, म्हणून तिला बिट्स लागत नाहीत. पावसाचा थेंब मात्र प्रत्येक फ्रेममध्ये नवा, पान प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं. अंदाज चुकत जातो, ठरलेले बिट्स संपतात आणि कोडेक तपशील टाकून देतो. तोच आपल्याला लगदा दिसतो.

बीजीएमआयमध्ये गवतातून पळणं म्हणजे कोडेकसाठी ताम्हिणीतला जुलै महिना. बस सिम्युलेटर इंडोनेशियामध्ये एसटीची लाल परी सरळ रस्त्यावर चालवली तर चित्र टिकतं, पाऊस चालू केला की लगेच ढासळतं. धुकं मात्र वेगळ्या प्रकारे फसवतं. त्यात हालचाल कमी, पण रंगांचे बदल इतके हळूवार की दाबल्यावर त्यांचे पट्टे पडतात.

म्हणून पहिला उपाय गेममध्येच आहे. फिल्म ग्रेन हे सेटिंग असेल तर बंदच करा, कारण तो मुद्दाम घातलेला गोंगाट असतो आणि बिट्स तोच खाऊन टाकतो. गवताची दाटी कमी करता येत असेल तर करा. मोशन ब्लरला खेळाडू नावं ठेवतात, पण थोडा ब्लर कोडेकला मदतच करतो.

रेकॉर्डिंग कसं करावं

नियम एकच: रेकॉर्डिंग अपलोडपेक्षा जड हवं. यूट्यूब तुमची फाइल पुन्हा दाबणारच आहे. मूळ फाइल आधीच दाबलेली असेल तर फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारखं होतं. फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये रिझोल्यूशन १०८०पी, फ्रेम ६० आणि बिटरेट जितका मिळेल तितका जास्त ठेवा. फोन गरम होऊन गेम अडकत असेल तर ३० फ्रेम घ्या. अडखळणाऱ्या ६० पेक्षा स्थिर ३० कधीही बरे.

कॉम्प्युटरवर ओबीएस स्टुडिओ वापरा, ते मोफत आहे. रेकॉर्डिंगला ठरावीक बिटरेट देण्याऐवजी सीआरएफ किंवा सीक्यूपी निवडा आणि आकडा १८ ते २० ठेवा. आकडा जितका लहान, तितकी गुणवत्ता जास्त आणि फाइल मोठी. रंगांसाठी आरईसी ७०९ आणि लिमिटेड रेंज ठेवा, नाहीतर काळा रंग फिका किंवा उलट डांबरासारखा दिसू शकतो.

फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. हे सेटिंग गावाकडच्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर दोन तासांची फाइल उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये लाइट जाईपर्यंतचा भाग वाचतो. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूमधून रीमक्स केलं की गुणवत्ता न गमावता तिची एमपी४ होते. (मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते, ती जवळजवळ शंभर वर्षं मुंबईकडे जातेय. धरणाच्या काठावर पावसाळ्यात लाइट गेली की आपण मात्र एमकेव्हीच्या भरवशावर!)

फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक खोड असते. फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो आणि एडिटिंगमध्ये आवाज पुढेमागे सरकतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल एकदा काढून घ्या. आणि मित्राला एडिटिंगसाठी क्लिप पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर तिथेच गुणवत्ता जाते.

१४४०पीची युक्ती

१०८०पी रेकॉर्डिंग एडिटरमध्ये २५६० बाय १४४० करून अपलोड करा. यामुळे नवीन तपशील तयार होत नाही, हे आधीच सांगतो. पण यूट्यूब १४४०पी आणि त्यावरच्या व्हिडिओंना जास्त बिटरेट देतं आणि त्यांच्यासाठी व्हीपी९ किंवा एव्ही१ हे नवे कोडेक वापरतं. छोट्या चॅनेलच्या १०८०पी व्हिडिओला बऱ्याचदा जुना एच.२६४च मिळतो. तो २००३ सालचा, व्हीपी९ २०१३चा. कोणता मिळाला ते बघायचं तर कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत एव्हीसी१ दिसलं तर जुना, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसलं तर नवा.

लांबट स्क्रीनच्या फोनवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २४०० बाय १०८० चं रेकॉर्डिंग १९२० बाय १०८० च्या चौकटीत बसवलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राच्या वाट्याला फक्त ८६४ ओळी उरतात. १४४०पीची चौकट घेतली तर हा तोटा होत नाही.

पण नेटचं काय?

खरा प्रश्न हा आहे. यूट्यूब ६० फ्रेमसाठी १०८०पीला १२ आणि १४४०पीला २४ एमबीपीएस सुचवतं. २० मिनिटांचा व्हिडिओ पहिल्या हिशोबाने १.८ जीबी, दुसऱ्याने ३.६ जीबी. अपलोडचा वेग २ एमबीपीएस असेल तर २ तास आणि ४ तास. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये दुसरी फाइल बसतच नाही. घाटमाथ्यावर, जिथे डोंगर मध्ये आला की टॉवर गायब, तिथे हे आकडे कागदावरच राहतात.

अशा वेळी व्हिडिओची लांबी कमी करा, गुणवत्ता नको. वीस मिनिटांतली लॉबी, लोडिंग आणि नुसतं पळणं कापलं तर सात-आठ मिनिटं उरतात, आणि बघणाऱ्यालाही तेवढीच हवी असतात. ८ मिनिटांचा १४४०पी व्हिडिओ साधारण १.४ जीबी होतो. नाहीतर फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पौडला किंवा पुण्याला गेल्यावर फायबरवरून टाका. अपलोड मध्येच तुटलं तर त्याच खात्यातून तीच फाइल पुन्हा निवडा, २४ तासांच्या आत केलं तर अपलोड राहिलं तिथून पुढे चालू होतं.

थेट प्रक्षेपणात मात्र कापाकापीची सोय नाही. अपलोडचा वेग तीन-चार वेळा मोजा, त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा आणि बिटरेट त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नका. ३ एमबीपीएस मिळत असेल तर ७२०पी, ३० फ्रेम आणि २ एमबीपीएस. सीबीआर निवडा, कीफ्रेम २ सेकंदांवर ठेवा. ट्विचवर साधारण ६ एमबीपीएसची मर्यादा आहे, त्यामुळे नेट कितीही चांगलं असलं तरी तिथे फारसं पुढे जाता येत नाही. तिकडे गवताळ मॅपपेक्षा इमारतींचा मॅप खेळलेला बरा दिसतो.

अपलोड झाल्या झाल्या व्हिडिओ पब्लिक करू नका. यूट्यूब आधी हलक्या दर्जाची आवृत्ती तयार करतं, एचडी नंतर येते, १४४०पीला आणखी वेळ लागतो. पहिल्या तासात येणारे प्रेक्षक ३६०पी बघून निघून जातात आणि कमेंटमध्ये ‘भाऊ, क्वालिटी?’ एवढंच लिहितात. प्रायव्हेट ठेवून रात्री अपलोड लावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वेळ शेड्यूल करून टाका.