नाळेतले रक्त

रायगडच्या किनारपट्टीवर बाळंतपणे घरीच होत, तेव्हा सुईण नाळ कापी आणि वार घराजवळच्या जमिनीत पुरली जाई. वारेत आणि नाळेत उरलेल्या रक्तात रक्त घडवणाऱ्या मूलपेशी असतात, याचा वैद्यकीय उपयोग फार उशिरा झाला. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले आणि तो बरा झाला.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी त्याआधीच, १९८३ मध्ये, भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे रक्त घडवणाऱ्या अशाच मूलपेशींचे प्रत्यारोपण, केले होते. त्या संस्थेचे प्रत्यारोपणाचे काम पुढे रायगड जिल्ह्यात, खारघरच्या तिच्याच कर्करोग केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये गेले.

एकविसाव्या शतकात भारतात खासगी पेढ्या आल्या. नाळेतले रक्त उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचे आणि त्याचे पैसे पालकांनी भरायचे, असा हा व्यवहार. जाहिराती त्याला ‘जैविक विमा’ म्हणतात. हा शब्द जरा जास्तच उदार आहे. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष बाळाच्या स्वतःच्या साठवलेल्या रक्तातही असतो, शिवाय एका नाळेतल्या पेशी प्रौढ रुग्णाला सहसा अपुऱ्या पडतात. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद केवळ स्वतःच्या भावी वापरासाठी अशी साठवण करण्याची शिफारस करत नाही. घरात आधीच आजारी भावंड असेल, तर मात्र ती उपयोगी ठरू शकते.